अन्य भाषा आणि समजुतीचे पांच शब्द

वाचावयाचा भाग : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय १२, १३ व १४.

कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, पन्हाळा या बाजूच्या खेड्यांतून हल्लीं नवीन धाटणीच्या प्रार्थनासभा भरूं लागल्या आहेत. मांडव, ध्वनिक्षेपक, ढोलकी, सर्वांनीं एकदम उंच स्वरानें केलेली प्रार्थना, आणि तिच्यामध्यें कोणासही न कळणारे उच्चार. ही अन्य भाषा होय, हें पवित्र आत्म्याचें चिन्ह होय, असें वक्ता सांगतो. तो एवढ्यावरच थांबता तर हा पाठ लिहावा लागला नसता. पण पुष्कळदां तो पुढें असेंही म्हणतो कीं, ज्याच्या मुखांतून ही भाषा निघाली नाहीं त्याला आत्मा मिळालाच नाहीं. मग ज्या म्हाताऱ्या उपदेशकानें वाडीवस्तीवर पायीं हिंडून जन्मभर सुवार्ता सांगितली, जी विधवा रोज पहाटे उठून मुलाबाळांसाठीं प्रार्थना करीत आली, तीं दोघें घरीं जाऊन अंथरुणावर तळमळतात : आपला विश्वास इतकीं वर्षें खोटाच होता काय? त्यांस उत्तर देणें हें मंडळीचें कर्तव्य आहे, आणि तें उत्तर शास्त्रांतून दिलें पाहिजे, रागांतून नव्हे.

पौल या विषयास कोठून आरंभ करितो तें पाहा. बाराव्या अध्यायाच्या दुसऱ्याच वचनांत तो करिंथकरांस आठवण देतो कीं, तुम्ही पूर्वी मुक्या मूर्तींकडे ओढले जात होतां. कृपादानांच्या शिकवणीच्या तोंडींच ही आठवण कां? आमच्या भागांतील वाचकास हें फार समजावून सांगावें लागणार नाहीं. जोतिबाच्या डोंगरावर चैत्री यात्रेंत, सौंदत्तीस यल्लमाच्या डोंगरावर, किंवा गांवच्या मरीआईपुढें वाद्यें वाजूं लागलीं म्हणजे कोणाच्या तरी अंगांत येतें. केस सुटतात, मान घुमूं लागते, हुंकार बाहेर पडतात, आणि लोक पायां पडून कौल मागतात. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजापणजांनीं हें पाहिलें आहे. कांहींच्या घरांत तर तें पिढीजात होतें. करिंथकरही अशाच देवळांच्या सावलींतून आलेले होते. म्हणून मनुष्य किती जोरानें हलला, किती वेळ भान हरपून राहिला, ही कसोटी पौल मानीत नाहीं. जोर मूर्तीपुढेंही होताच. येशू हा प्रभु आहे असें जो मनापासून कबूल करितो तो पवित्र आत्म्यावांचून तें करूं शकत नाहीं, ही त्याची कसोटी. त्या म्हाताऱ्या उपदेशकाचें व त्या विधवेचें समाधान येथेंच आहे.

शेजारीपाजारी हें सर्व पाहत असतात हेंही विसरूं नये. "आमच्यांत देवी येते, तुमच्यांत येशू येतो, मग धर्म बदलून काय मिळविलें?" असें कोणी विचारल्यास काय सांगावें? पौलाला हीच भीति होती. सर्वच जण अन्य भाषांनीं बोलूं लागले आणि बाहेरचा मनुष्य आंत आला, तर तो तुम्हांस वेडे म्हणणार नाहीं काय, असें तो चौदाव्या अध्यायांत विचारतो.

आतां न्यायानें बोलावयाचें तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पौल अन्य भाषांस मनाई करीत नाहीं. उलट मनाई करूं नका असें स्पष्ट सांगतो. पण मंडळीच्या सभेंत तो कुंपण घालतो : बोलणारे दोन, फार तर तीन, तेही एकामागून एक, आणि कोणी तरी अर्थ सांगितला पाहिजे. अर्थ सांगणारा नसेल तर त्या मनुष्यानें सभेंत गप्प राहून आपल्याशीं व देवाशीं बोलावें. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असा प्रश्न तो बाराव्या अध्यायाच्या शेवटीं करितो, आणि प्रश्नाच्या रचनेवरूनच उत्तर "नाहीं" असें आहे. आणखी, पेंटेकॉस्टच्या दिवशीं यरुशलेमांत जें झालें तें, आणि करिंथांत जें चाललें होतें तें, यांत भेद आहे. यरुशलेमांत ऐकणाऱ्या प्रत्येकास आपापल्या देशाची भाषा कळली. करिंथांत कोणासच कळत नव्हतें, म्हणून तर अर्थ सांगणारा हवा होता. चौथ्या शतकांत अंत्युखियाच्या मंडळींत उपदेश करणाऱ्या ख्रिसोस्तमानें या भागाचें विवेचन करतांना कबूल केलें कीं, हा विषय आपणांस अंधुक दिसतो, कारण त्या गोष्टी आतां घडत नाहींत. तेव्हां ज्यांना त्या घडतांना दिसत नाहींत त्यांना आत्मा नाहीं असें म्हणावयाचें, तर ख्रिसोस्तमालाही त्यांतच बसवावें लागेल.

महाराष्ट्रांत हा प्रश्न आज प्रथमच उठला आहे असें कोणी समजूं नये. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगांव आहे (नगरजवळचें केडगांव निराळें). तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. १९०४ सालीं वेल्स देशांत आत्मिक जागृति झाली आणि १९०५ सालीं तिचा प्रवाह आसामकडील खासी डोंगरांतल्या मंडळ्यांत पोहोंचला. त्याच वर्षाच्या जानेवारींत रमाबाईंनीं मुक्तींत रोज प्रार्थनेसाठीं जमणाऱ्या स्त्रियांस बोलाविलें. प्रथम सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ती संख्या पांचशेंच्या वर गेली. जूनच्या अखेरीस एका पहाटे एका मुलीला आपल्यावर अग्नि उतरल्यासारखें वाटलें, आणि शेजारीं निजलेली मुलगी तिच्यावर ओतावयास पाण्याची बादली घेऊन धांवली, अशी हकीकत मिस मिनी अब्राम्स यांनीं लिहून ठेविली आहे. पुढें पापाबद्दल रडणें, मोठ्यानें एकत्र प्रार्थना करणें, हें सर्व झालें. अन्य भाषांची बातमी मात्र मागाहून, १९०६ च्या अखेरीच्या सुमारास व १९०७ सालीं येऊं लागली.

त्या वेळीं कित्येक मिशनऱ्यांनीं या गलबल्यावर टीका केली. रमाबाईंनीं उत्तर दिलें कीं, हिंदी लोकांमध्यें जागृति येईल ती त्यांच्या स्वभावाला व भावनेला साजेल अशा रीतीनेंच येऊं द्यावी. हें उत्तर आम्हांस मान्य आहे. पाश्चात्य मंडळींत माणसें ओठ मिटून प्रार्थना करितात म्हणून आपणही तसेंच केलें पाहिजे असें शास्त्रांत कोठें लिहिलें नाहीं, आणि दिंडींत टाळ कुटीत वाढलेल्या लोकांस निःशब्द भक्ति शिकविणें म्हणजे त्यांना परकें करणें होय. येथें आक्षेप आवाजावर नाहीं. अर्थ हरवतो त्यावर आहे.

दौंड येथें अनाथ मुलांचा आश्रम चालविणारे आल्बर्ट नॉर्टन यांनीं १९०७ सालीं मुक्तींत स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहिली आहे : इंग्रजी न येणारी एक मुलगी प्रार्थनेंत स्पष्ट इंग्रजी बोलत होती. नॉर्टन खोटें बोलले असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण एका साक्षीवर सर्व मंडळ्यांस लागू होणारा नियमही बांधतां येत नाहीं. आणि मुक्तींतल्या लोकांनींही तो बांधला नाहीं. रमाबाई व मिस अब्राम्स या दोघींनींही अन्य भाषा हें देवाचें दान मानलें, परंतु तें प्रत्येकास मिळालेंच पाहिजे, नाहींतर आत्मा नाहीं, असें मानलें नाहीं. आज ज्या वक्त्यांच्या तोंडीं मुक्तीचें नांव असतें त्यांनीं हा भाग गाळूं नये.

त्याच सुमारास कलकत्त्यांत जें झालें तें याहून बोधप्रद आहे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहरीं अझुसा नांवाच्या रस्त्यावर विल्यम सीमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभा १९०६ च्या एप्रिलांत सुरू झाल्या. तेथील आल्फ्रेड गार व त्यांची पत्नी लिलियन यांना वाटलें कीं, आपणांस हिंदुस्थानची भाषा आत्म्यानें दिली आहे. गार यांची खात्री होती कीं ती बंगाली होय. या भरंवशावर तीं दोघें १९०६-०७ च्या हिंवाळ्यांत कलकत्त्यास आलीं. बंगाली लोकांपुढें बंगालींत उपदेश करितां येईना. गार यांनीं अन्य भाषांवरील श्रद्धा सोडली नाहीं. ती उपदेशासाठीं नसून देवाच्या स्तुतीसाठीं व प्रार्थनेसाठीं आहे, असें ते पुढें सांगूं लागले. कलकत्त्यापासून जवळच, हुगळी नदीच्या कांठीं, श्रीरामपूर आहे. तेथें विल्यम कॅरी यांनीं शंभर वर्षांपूर्वी वैजनाथ पंडितांजवळ बसून मराठी शिकून घेतली, १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, आणि १८११ सालीं मराठी नवा करार बाहेर काढला. भाषा अशी येते. आमच्या कोल्हापुरांत १८५२ सालीं रॉयल वाइल्डर आले तेही मराठींतच शाळा व उपदेश चालवूं शकले, तें अभ्यासाच्या बळावर.

भाषाशास्त्रज्ञांनींही याचा विचार केला आहे. विल्यम सॅमरिन यांनीं अनेक देशांतील अशा सभांतले उच्चार टिपून १९७२ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं, त्या उच्चारांत बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतलेच ध्वनि निरनिराळ्या क्रमानें येतात, परंतु शब्द व अर्थ यांची जोड नसते. बोलणारा ढोंगी किंवा वेडा असतो, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. आपणही म्हणूं नये.

आतां पुन्हा केडगांवास या, कारण या विषयांत शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट तेथेंच घडली, आणि तिची चर्चा सभांतून क्वचितच होते. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं ज्या बाईला संस्कृतच्या ज्ञानाबद्दल "पंडिता" व "सरस्वती" या पदव्या दिल्या, तिनें आयुष्याचीं शेवटचीं वर्षें कशांत घालविलीं? पवित्र शास्त्राचें भाषांतर साध्या मराठींत करण्यांत. त्यासाठीं त्यांनीं इब्री व ग्रीक भाषा शिकून घेतल्या. दुष्काळांतून वांचविलेल्या मुलींस खिळे जुळविणें व छापणें शिकवून मुक्तीच्याच छापखान्यांत तें काम केलें. प्रचलित भाषांतराची मराठी खेड्यांतल्या बाईला जड जाते, हें त्यांच्या मनाला लागलें होतें. ऐकूं कमी येत होतें, १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमाबाई वारली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या, तेव्हां तें भाषांतर संपत आलें होतें; सबंध ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या आवारांत अन्य भाषा ऐकूं आल्या त्याच आवारांत ही बाई वर्षानुवर्षें एकेक शब्द तोलीत बसली होती, तो कशासाठीं? चुलीपाशीं बसलेल्या बाईनें वाचावें आणि तिला कळावें यासाठीं. दहा हजार न कळणाऱ्या शब्दांहून समजुतीचे पांच शब्द पौलाला अधिक हवे होते. तें वचन महाराष्ट्रांत यापेक्षां अधिक पुरतेपणीं कोणीं आचरिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

उपदेशकांसाठीं दोन गोष्टी. कोणी घरीं, एकांतांत अशी प्रार्थना करीत असेल तर त्याला टाकून बोलूं नये. त्याच्या घरीं जाऊन गलतीकरांस पत्राच्या पांचव्या अध्यायांतील आत्म्याचें फळ त्याच्याबरोबर वाचावें, आणि आपलेंही वाचून पाहावें. दुसरें, अशा सभांत आजाऱ्यास औषध सोडावयास सांगतात असें ऐकूं आल्यास गप्प बसूं नये. मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं दवाखाना उभारला तो प्रार्थना करूनच. क्षयाचीं किंवा मधुमेहाचीं औषधें कोणाच्याही सांगण्यावरून बंद झालीं तर माणूस दगावतो.

बाहेरचा वक्ता सभा घेऊं इच्छीत असेल तर गांवच्या वडिलांनीं आधीं त्याला बसवून विचारावें : अन्य भाषेंत कोणी बोलल्यास अर्थ कोण सांगणार? दोघातिघांपेक्षां अधिक बोलूं लागल्यास आपण त्यांस थांबवाल काय? आणि ज्यास हें दान नाहीं त्यास आत्मा नाहीं, असें आपण सांगणार काय? पहिल्या दोहोंचें नीट उत्तर आलें व तिसऱ्यास त्यानें "नाहीं" म्हटलें, तर सभा भरूं द्यावी आणि वडिलांनीं पुढें बसावें. तसें न झाल्यास चहा पाजून, हात जोडून, एस्. टी. च्या थांब्यापर्यंत त्याला सोबत द्यावी.