कोठडीतील वर्ग

जपानमधील पुष्कळ शाळांतून परदेशी तरुण-तरुणी इंग्रजीच्या शिक्षकांना साहाय्य करताना दिसतात. १९८७ साली जपानी शासनाने अशा तरुणांना बोलावण्याची एक योजना सुरू केली आणि तेव्हापासून हजारो पदवीधर त्या देशात शिकवून आले. परंतु त्यांच्याही आधी सुमारे एकशे चाळीस वर्षे एक तरुण तेथे इंग्रजी शिकवीत होता. त्याला कोणीही बोलावले नव्हते आणि त्याचा वर्ग भरे तो कोठडीत!

या तरुणाचे नाव रॅनल्ड मॅकडॉनल्ड. १८२४ साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाशी त्याचा जन्म झाला. वडील स्कॉटलंडचे, एका व्यापारी कंपनीचे अधिकारी. आई चिनूक या आदिवासी जमातीच्या प्रमुखाची कन्या. मुलगा मोठा होताच वडिलांनी त्याला एका बँकेत चिकटवून दिले. पण रॅनल्डचे मन खतावण्यांत रमेना. त्याच्या बालपणी तीन जपानी खलाशी वादळात भरकटत त्या किनाऱ्याला लागले होते. त्यांची हकीकत त्याच्या मनात घर करून राहिली होती. आपल्या आईचे पूर्वज समुद्रापलीकडील त्याच मुलखातून आले असावेत, असेही त्याला वाटे. अखेर एके दिवशी त्याने बँकेला रामराम ठोकला आणि जहाजाची वाट धरली.

त्या काळी जपानची दारे परकीयांना बंद होती. युरोपीय लोकांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना नागासाकी बंदरातील देजिमा या चिमुकल्या बेटावर राहण्याची मुभा होती. इतर कोणी किनाऱ्यावर उतरला, की तो कैदी झालाच. हे ठाऊक असूनही १८४८ च्या जून महिन्यात रॅनल्डने देवमाशांची शिकार करणारे आपले जहाज सोडले आणि एका लहान होडीतून तो एकटाच निघाला. बुडत्या माणसाची कोणासही दया येईल, अशा हिशेबाने त्याने ती होडी मुद्दाम उलटवली! याला धाडस म्हणावे की अविचार, हे ज्याचे त्याने ठरवावे. उत्तरेकडील रिशिरी बेटावरच्या ऐनू लोकांनी त्याला वाचवले, खाऊपिऊ घातले आणि मग अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. मजल दरमजल करीत शरद ऋतूत त्याला नागासाकीस आणण्यात आले आणि तेथे एका लहानशा कोठडीत त्याची रवानगी झाली.

नागासाकीत दुभाष्यांची घराणी होती. बापाकडून मुलाकडे डच भाषेची विद्या पिढ्यानपिढ्या चालत येई. १८०८ साली एक इंग्रज युद्धनौका अचानक बंदरात शिरली, तेव्हा डच भाषेवर आता भागणार नाही, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानी आले. दुभाष्यांनी इंग्रजीचा अभ्यास आरंभला खरा. पण शिकवणारा गुरू डच! त्यामुळे शब्द इंग्रजी आणि उच्चार मात्र डच वळणाचे, अशी गत झाली. आता इंग्रजी ही ज्याची नित्याची बोली, असा माणूस आयताच हाती आला होता.

चौदा दुभाषे त्याच्याकडे शिकू लागले. एकेकाने इंग्रजी वाचून दाखवावे, रॅनल्डने उच्चार सुधारावा आणि आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत अर्थ समजावून द्यावा, असा पाठ चाले. 'ल' हा वर्ण काही केल्या शिष्यांच्या जिभेवर येईना. त्याच्या ठिकाणी 'र' उमटे. गुरुजींचे नावसुद्धा 'रॅनल्ड' न राहता 'रानारुदो' होऊन बसले. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या 'बाळा'चा परप्रांतीय पाहुण्यांच्या तोंडी 'बाल' होतोच की! इकडे गुरुजीही शिष्य झाले होते. कानावर पडलेला प्रत्येक जपानी शब्द रॅनल्ड टिपून ठेवी. त्याच्या टिपणवहीत असे शेकडो शब्द जमले. कोठडीला पहारा होता, तरी त्याला चांगली वागणूक मिळे. त्या लोकांविषयी त्याने पुढे जे लिहिले, त्यात कडवटपणाचा लवलेशही नाही.

शिष्यांत मोरियामा एइनोसुके हा सर्वांत हुशार. त्याची ग्रहणशक्ती पाहून रॅनल्ड थक्क होई.

१८४९ च्या एप्रिलमध्ये 'प्रेबल' नावाची अमेरिकन युद्धनौका नागासाकीत अडकून पडलेल्या खलाशांना नेण्यासाठी आली. तिच्यातून रॅनल्डही गेला. वर्ग मोडला.

पाच वर्षांनी, १८५४ साली, कमोडोर पेरी यांचा अमेरिकन आरमारी ताफा जपानशी तह करण्यासाठी आला. वाटाघाटींसाठी जपानच्या बाजूने एक नवा दुभाषा पुढे झाला. त्याचे इंग्रजी ऐकून अमेरिकन मंडळी चकित झाली. तो मोरियामा होता. त्याने 'प्रेबल'च्या अधिकाऱ्यांची चौकशी केली आणि लगेच विचारले, रॅनल्ड मॅकडॉनल्ड खुशाल आहे ना? तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखते काय?

रॅनल्ड पुन्हा कधी जपानला जाऊ शकला नाही. १८९४ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, भाचीच्या घरी त्याने प्राण सोडला. शेवटी तिचा निरोप घेताना त्याच्या ओठांवर 'सायोनारा' हा जपानी शब्द होता, असे सांगतात. तो शब्द त्याच्या समाधीच्या दगडावर कोरलेला आहे.