पर्यावरणाच्या पेपराचे काय करायचे?

प्रश्न : कॉलेजात सगळ्या शाखांना पर्यावरणाचा पेपर असतो. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी तो आदल्या रात्री वाचून पास होतात. या मुलांना हवामान बदलाचे काहीच वाटत नाही का?
– एक पालक, लातूर

उत्तर : वाटते, आणि आपल्याला दिसते त्याहून पुष्कळ जास्त वाटते. 2021 साली ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. भारतासह 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 तरुणांना प्रश्न विचारून ती केली होती. 59 टक्के जणांना हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती. 45 टक्क्यांहून अधिक जणांच्या रोजच्या जगण्यावरही तिचा परिणाम होत होता. तेव्हा मुलीला बेफिकीर ठरवायची घाई करू नका.

अडचण पेपर शिकवण्यात आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली हा विषय सक्तीचा करायला सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी 50 तासिकांचा अभ्यासक्रम आखला. त्यातल्या 5 तासिका क्षेत्रभेटीच्या होत्या : आपल्या भागातली नदी, टेकडी, प्रदूषित जागा पाहून नोंदी करायच्या. माझ्या मते विषयाचा जीव या 5 तासिकांत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी नेमक्या त्याच होत नाहीत. सीनियरची प्रोजेक्टची वही उतरवली की काम भागते.

उलट घडले ते पॅसिफिकमधल्या वानुआतूत. तिथे 2019 साली साउथ पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांपुढे वर्गातच प्रश्न आला : हवामान बदलाविरुद्ध कायद्याचा सगळ्यात प्रभावी मार्ग कोणता? हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागावे, असे त्यांनी ठरवले आणि त्या भागातल्या सरकारांकडे पाठपुरावा सुरू केला. वानुआतूच्या सरकारने विषय उचलून धरला. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हे मत मागणारा ठराव एकमताने संमत झाला. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयानेही एकमताने सांगितले, की हवामानाचे रक्षण करणे ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती पाळली नाही तर भरपाई द्यावी लागू शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, पण देशोदेशीच्या न्यायालयांत त्याचा आधार घेता येतो. त्या मुलांनाही भीती वाटतच होती. फक्त गाइडमध्ये उत्तर नसलेला प्रश्न त्यांच्या हाती आला.

तुमच्या मुलीसाठी असा प्रश्न लातुरातच आहे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तिला आठवत असेल. त्या टंचाईत कमी पावसाचा वाटा किती, आणि उसाचा व बोअरच्या उपशाचा किती? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या नोंदी ठेवते. प्रोजेक्टची वही घेऊन तिला आधी त्या कार्यालयात जाऊ द्या.