दोन खाटांच्या मधे

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं-मुली वॉर्डात पोस्टिंगला आली की एक दृश्य हमखास दिसतं. ड्युटीवर आल्याआल्या हातमोज्यांची एक जोडी चढवायची आणि ती थेट जेवणाच्या सुट्टीतच उतरवायची. त्याच हातांनी एका पेशंटचा बीपी, दुसऱ्याचं सलाईन, मधेच केसपेपर, दाराची कडी, खिशातला मोबाइल. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘इन्फेक्शन होऊ नये म्हणून घातलेत, सर.’ कुणाला होऊ नये म्हणून, एवढंच मग विचारायचं राहतं. चिखलातले गमबूट घालून घरभर फिरलं, तर आपले पाय कोरडे राहतात. फरशीचं काय होतं ते घरच्यांना विचारावं.

आज हे सदर मुख्यतः या विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्यांचं कुणी सध्या रुग्णालयात आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

वॉर्डातला संसर्ग एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातो तो बहुतेकदा आपल्या हातांवरून. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे अनेक औषधांना दाद न देणारे जंतू खाटेच्या कठड्यावर, सलाईनच्या स्टँडवर, मॉनिटरच्या बटणावर कित्येक दिवस तग धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये हात स्वच्छ करण्याचे जे पाच प्रसंग सांगितले, ते तुम्ही परीक्षेसाठी पाठ केले असतीलच: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवीसारख्या स्रावांचा संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पाचवा प्रसंग वारंवार चुकतो. पेशंटला स्पर्शही केलेला नसतो, फक्त सलाईनचा वेग कमी केलेला असतो, मग हात कशाला धुवायचे, असं वाटतं. तिथेच घोळ होतो.

हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचा हँडरब पुरतो आणि तो साबणापेक्षा सरसही आहे. 20 ते 30 सेकंद, हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळायचा. अंगठा आणि बोटांची टोकं विसरू नका. रक्त, विष्ठा असं काही लागलं असेल तर मात्र साबण आणि वाहतं पाणी, 40 ते 60 सेकंद. जुलाबाचा पेशंट असेल तरीही साबण-पाणीच, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. धुतलेले हात बेसिनवर लटकणाऱ्या, दिवसभर सगळ्यांनी वापरलेल्या टॉवेलला पुसू नका. त्यापेक्षा हात हवेत वाळू द्या. पाण्यात लोळत पडलेली साबणाची वडी किंवा न धुता वरचेवर भरत राहिलेली लिक्विड सोपची बाटली, या दोन्हींतही जंतू सुखाने वाढतात.

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या कामावर येताना उतरवून ठेवा. हिरव्या चुड्याबद्दल घरी ऐकून घ्यावं लागतं, हे मला ठाऊक आहे. पण बांगडीखालचं मनगट धुतलं जात नाही आणि हँडरबही तिथे पोचत नाही. नखं छोटी हवीत, नकली नखं तर नकोतच. युनिफॉर्म घालून एसटीने घरी जाऊ नये असंही सांगतात. त्यामागचा पुरावा हातांच्या बाबतीत आहे तितका भक्कम नाही, पण सवय म्हणून ती चांगली आहे.

आता हातमोजे नेमके कधी? रक्त, स्राव, फुटलेली त्वचा किंवा तोंडासारखी ओली त्वचा यांच्याशी संबंध येणार असेल तेव्हा. ताप बघायला, बीपी घ्यायला, गोळी द्यायला, व्हीलचेअर ढकलायला ते लागत नाहीत. एका पेशंटचं एक काम झालं की मोजे काढायचे आणि काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात, शिवाय ते काढताना हात बरबटतात. मोज्यांवरच हँडरब चोळून पुढच्या पेशंटकडे जाणं चालत नाही.

हातांखेरीज आणखी दोन-तीन गोष्टी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे प्रवास करतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ड्रेसिंग ट्रॉलीवरची, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाची वाटी बघा. सकाळी भरलेल्या त्या वाटीत दिवसभर डझनभर लोक बोटं घालतात. स्पिरिट उडून जातं, जंतू राहतात. असे बोळे आधी भिजवून ठेवूच नयेत. दुसरी गोष्ट म्हणजे औषधाच्या व्हायलच्या बुचात खोचून ठेवलेली सुई, पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून. त्या सुईवाटे बाटलीत जंतूंना उघडा रस्ता मिळतो. तिसरी सवय इंट्राकॅथ फ्लश करायला सगळ्या वॉर्डासाठी एकच सलाईनची बाटली वापरण्याची. ती एकदा दूषित झाली की वॉर्डातल्या किती जणांच्या रक्तात जंतू सोडले, याचा हिशोबही लागत नाही. इंट्राकॅथला सिरिंज जोडण्यापूर्वी त्याचं तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने 15 सेकंद घासा आणि वाळू द्या. हे करताना कुणी दिसलं की मी त्या विद्यार्थ्याचं नाव विचारून घेतो.

लघवीच्या पिशवीचं एकच सांगतो. ती मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय मामा किंवा नातेवाईक ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तेव्हा नळीतली लघवी उलटी आत जाते. नातेवाईकांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. दुसऱ्या पेशंटच्या खाटेवर बसू नका, आणि तुमच्या पेशंटला हात लावण्यापूर्वी कुणी हात स्वच्छ केले नसतील तर नम्रपणे आठवण करा. डॉक्टरांनाही.

कचऱ्याचे रंग 2016 च्या नियमांनी ठरवून दिले आहेत: रक्ताने भरलेला कापूस-गॉज पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, सुया-ब्लेड पांढऱ्या, सहज भोक न पडणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. हे तुम्हाला येतं. खरा प्रश्न येतो सुई डब्यापर्यंत पोचण्याआधी.

वापरलेल्या सुईवर परत टोपण बसवू नका. अनेकदा सुई तेव्हाच टोचते. टोचलीच तर त्या जागी साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, त्यावर स्पिरिट ओतू नका. मग लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगा. इथे विद्यार्थी गप्प बसतात. मॅडम रागावतील, नोंद होईल, घरी कळेल अशी भीती असते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, पण प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हाव्या लागतात. त्या 28 दिवस घ्यायच्या असतात. गप्प बसून जातो तो हाच वेळ. आणि रिपोर्ट करणाऱ्या विद्यार्थ्याला झापणारी ट्यूटर पुढच्या दहा जणांना गप्प बसायला शिकवते, हेही इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

पुण्यातल्या प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्यांच्या हाताशी साधनं नव्हती. तुमच्यासाठी मास्क आहेत, लशी आहेत. टीबीच्या संशयित पेशंटजवळ जाताना एन-95 मास्क तुम्ही घालायचा आणि साधा सर्जिकल मास्क पेशंटला द्यायचा. साधा मास्क पेशंटच्या तोंडातून उडणारे थेंब अडवतो. हवेत तासन्‌तास तरंगणारे बारीक कण तुमच्यापर्यंत येण्यापासून अडवायला तो पुरा पडत नाही. थंडी वाजते म्हणून नातेवाईक खिडक्या लावून घेतात. पेशंटला जादा ब्लँकेट द्या आणि खिडक्या समोरासमोरच्या उघडा.

उरली हिपॅटायटिस बी. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे एचआयव्हीच्या कितीतरी पट. लशीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडी तपासून घ्या. ती 10 किंवा त्याहून जास्त आली की तुम्ही सुरक्षित. दोन डोस घेऊन तिसरा राहून गेलेली बरीच मुलं भेटतात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते, राहिलेला डोस या आठवड्यात घेऊन टाका.