ट्रॅक म्हणजे वाट नव्हे



नकाशावाचनाच्या तासाला मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, फोनमध्ये ट्रॅक उतरवून घेतला की झालं. मग होकायंत्र आणि रूट कार्ड कशाला?" प्रश्न रास्त आहे. भिलाईतली आपली बरीच मराठी मुले सुट्टीत पुण्या-नाशिककडे आजोळी जातात आणि मामे-मावस भावंडांबरोबर एखादा गड चढून येतात. वाट शोधायला कोणीतरी इंटरनेटवर ठेवलेला ट्रॅक हाताशी असतोच. तो वापरू नका, असे मी सांगणार नाही. तो वाचायचा कसा आणि आपण दुसऱ्याला द्यायचा कसा, हा आजचा धडा.

ट्रॅकमध्ये काय असते, काय नसते

ट्रॅकची फाईल बहुधा जीपीएक्स प्रकारची असते. हा प्रकार २००२ साली रूढ झाला. त्यात ओळीने बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, उंची व वेळ जोडलेली असते. म्हणजे एक माणूस एका दिवशी कुठून कुठे गेला, याची ती नोंद आहे.

त्या दिवशी कातळ कोरडा होता की शेवाळलेला, गटाकडे दोर होता का, पुढे गावातला वाटाड्या चालत होता का, टाक्यात पाणी होते का, हे बिंदू सांगत नाहीत. शिवाय तो माणूस जिथे चुकला आणि मागे फिरला, ती चुकीची वाटही त्याच रेषेत उमटते. घळीत किंवा नळीत उपग्रहाचे संकेत कड्यांवर आपटून येतात, त्यामुळे बिंदू भरकटतात. मोकळ्या आकाशाखाली फोन सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक असतो. कड्याच्या कुशीत तेवढा भरवसा धरू नये. कड्याच्या काठावर ५ मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको.

नकाशालाही मर्यादा आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असते. १५ मीटरचा उभा कातळ त्या दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. म्हणून ट्रॅक, नकाशा आणि समोरची जमीन, तिन्ही जुळवून पाहायची.

आपली जमीन आणि सह्याद्री

भिलाईच्या सपाटीवर वाढलेल्या मुलाला वाटते, समोरचा ठिपका ३०० मीटरवर आहे, चला सरळ. सह्याद्रीत हे चालत नाही. तो डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेतला जिना. या जिन्याच्या पायऱ्या म्हणजे उभे कडे. वाट चुकलेला माणूस पाण्याच्या ओढीने ओढ्यातून खाली उतरू लागतो आणि ओढा एकदम कड्यावरून कोसळतो. मग खाली जाता येत नाही आणि वर चढायला अंगात ताकद उरत नाही.

मैकल रांगेत अडचण वेगळी. कडे कमी, पण सालाच्या जंगलात लांबची खूण दिसत नाही आणि मे महिन्यात नाले कोरडे पडतात. पावसाळ्यात नोंदलेल्या ट्रॅकवरचा 'पाणी' हा शब्द मे महिन्यात खोटा ठरतो.

लोणावळ्याची घटना

मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीच्या, म्हणजे ड्यूक्स नोजच्या जंगलात एकटा गेला. वाट चुकल्याचे त्याने फोनवरून कळवले आणि नंतर संपर्क तुटला. पोलीस, 'शिवदुर्ग मित्र'चे स्वयंसेवक, एनडीआरएफ असे अनेक जण शोधात उतरले. चौथ्या दिवशी त्याचा मृतदेह खोल दरीत सापडला. ज्या परिसरात शेकडो लोक जाऊन येतात, तिथे ही वेळ आली. शोधपथकाचा पहिला प्रश्न असतो : तो कोणत्या वाटेने जाणार होता आणि किती वाजता परतणार होता? हे उत्तर घरी लिहून ठेवलेले असेल, तर शोधाचा परीघ लहान होतो.

ट्रॅकचे रूट कार्ड करा

ट्रॅक मिळाला की तो नकाशावर मांडा आणि टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्यापुढे सुरुवात व शेवट यांचे ग्रिड रेफरन्स, बेअरिंग, अंतर, चढ, लागणारा वेळ, ओळखीची खूण आणि माघारीची वाट लिहा.

वेळेसाठी नेस्मिथचा नियम वापरा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ साली मांडला. दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास.

उदाहरण : अंतर ६ किलोमीटर, चढ ९०० मीटर.
अंतराचा वेळ : १ तास १२ मिनिटे.
चढाचा वेळ : १ तास ३० मिनिटे.
एकूण : २ तास ४२ मिनिटे.

हा वेळ दमदार, सवयीच्या माणसाचा. पाठीवर सॅक आणि बरोबर नवखे असतील, तर मी दीडपट धरायला सांगतो : सुमारे ४ तास. उतरायलाही तितकेच धरा. घसाऱ्यावर उतरणे चढण्याइतकेच वेळखाऊ असते.

आता माघारीची वेळ ठरवा. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी एक तास, म्हणजे ५ वाजता पायथ्याला असायचे. ५ मधून ४ तास वजा केले की १ वाजता. माथा दहा मिनिटांवर असला तरी १ वाजता फिरायचे. भिलाईकडे मात्र आपण पूर्वेला असल्याने सूर्य अर्धा तास आधी मावळतो. इथल्या डोंगरात हाच हिशेब साडेबाराच्या आत येतो. दुसऱ्याच्या ट्रॅकवरची वेळ उसनी घेता येत नाही, ती अशी.

सॅकमध्ये काय हवे

नकाशा आणि होकायंत्र, फोनमध्ये आधीच उतरवलेला नकाशा, पॉवर बँक, डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी, प्रथमोपचार, एक जास्तीचा उबदार थर व पावसाची चादर, उन्हाळ्यात माणशी किमान ३ ते ४ लिटर पाणी. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तर बॅटरी वाचते आणि जीपीएस चालू राहते.

वाट चुकलीच तर थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची खात्रीची खूण आठवा. तिथवरची वाट ओळखीची असेल तरच मागे जा, नाहीतर जागा सोडू नका. शिट्टीचा संकेत : एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे येते. रेंज असेल तर ११२ ला फोन करा आणि अक्षांश-रेखांश सांगा.

ट्रॅक देणाऱ्याची जबाबदारी

आपण टाकलेल्या रेषेवर उद्या एखादा अनोळखी मुलगा पाऊल टाकणार आहे. म्हणून ट्रॅक देण्याआधी भरकटलेले बिंदू आणि चुकीचे फाटे काढा. सोबत तारीख, हवामान, गटाची संख्या व अनुभव, पाण्याच्या जागा, अवघड कातळटप्पे, माघारीच्या वाटा आणि वनखात्याची परवानगी लागते का, हे लिहा. पावसाळ्यात बंद असणारी वाट असेल तर ते सर्वांत वर लिहा.

काही ट्रॅक मात्र द्यायचेच नाहीत. स्ट्राव्हा या अ‍ॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये धावपटू आणि सायकलस्वारांच्या नोंदींचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की अफगाणिस्तान आणि सीरियात सैनिकांच्या रोजच्या धावण्यामुळे लष्करी तळ नकाशावर उजळून दिसत आहेत. कोणी गुपित फोडले नव्हते. फक्त घड्याळ चालू राहिले होते. आपले मैदान, शिबिराची जागा, फायरिंग रेंज आणि घराचा दरवाजा यांच्या नोंदी कोणालाही देऊ नका.

पालकांना एक विनंती. मूल डोंगरावर निघाले, की "सांभाळून जा" म्हणण्याबरोबरच रूट कार्डची एक प्रत मागून घ्या आणि परतीची वेळ उलटल्यावर किती वेळाने फोन करायचा, ते दोघांनी मिळून ठरवा.

स्वाध्याय

१. अंतर १० किलोमीटर, चढ ४५० मीटर. नेस्मिथच्या नियमाने वेळ काढा, मग दीडपट करा.
२. सूर्यास्त ५.३० वाजता आहे. वरच्या उदाहरणात माघारीची वेळ किती?
३. इंटरनेटवरचा कोणताही एक ट्रॅक घ्या. त्यात न सांगितलेल्या पाच गोष्टी लिहा आणि त्या कोणाला विचाराल, तेही लिहा.