उंची : मोजलेली आणि मानलेली

वाढीचे वय उलटले की हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा थर कठीण होतो आणि माणसाची उंची कायमची ठरते. पुढे लोंबकळण्याने वा चूर्णे घेतल्याने ती वाढत नाही. उरतो तो शस्त्रक्रियेचा मार्ग. नोकरीसाठी किंवा लग्नाच्या बाजारातील नकाराच्या धास्तीने काही तरुण या मार्गाकडे वळतात. त्यांचा हा निर्णय आपण तपासून पाहू.

ही शस्त्रक्रिया हौसेपोटी जन्मलेली नाही. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव या शल्यविशारदाने १९५० च्या दशकात, न जुळणारी हाडे सांधण्यासाठी पोलादी कड्यांचे व तारांचे एक उपकरण तयार केले. कापलेल्या हाडाची टोके अगदी सावकाश दूर नेली, तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते, हे त्याला आढळले. हा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळविणारा वालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात जायबंदी झाला. अनेक शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्यावर इलिझारोवने त्याचा पाय पुन्हा उडी मारण्याजोगा केला.

मोडलेल्या पायांसाठी शोधलेली ही रीत आता धडधाकट पायांवर वापरली जाते. हिशेब करा : पाच सेंटिमीटर उंचीसाठी हाड ताणण्यातच सुमारे पन्नास दिवस जातात आणि ते नवे हाड भार पेलण्याइतके कठीण होण्यास त्याहून कितीतरी अधिक महिने लागतात. हाड वाढते, पण स्नायू आणि नसा तितक्या सहज वाढत नाहीत. पोटऱ्या आखडून टाच जमिनीला टेकेनाशी होते, पायाला बधिरता येते, तारांच्या जागी पू होतो. खर्च लाखांच्या घरात. चीनने तर २००६ मध्ये केवळ सौंदर्यासाठी होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली.

मग नोकरीचे काय? भारतीय पोलीस सेवेसाठी पुरुषांना १६५ व स्त्रियांना १५० सेंटिमीटर उंचीची अट आहे. काही समाजगटांना त्यात सवलत मिळते. दोन सेंटिमीटरांपायी एखाद्याची वर्षानुवर्षांची तयारी वाया जाते, हे दुःख खोटे नाही. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे सांगून त्याची समजूत घालणारे बहुधा स्वतः उंच असतात! पण महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरती पाहा. तेथेही पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर लागते. शिवाय त्याला १६०० मीटर धावावे लागते आणि त्या धावेला गुण असतात. म्हणजे ज्या पायांच्या बळावर नोकरी मिळवायची, तेच पाय तो कापावयास देतो.

लग्नाच्या बाबतीत तर निश्चित आकडाही नसतो. २०१६ साली हैदराबादमध्ये एका तरुणाने घरच्यांना कळू न देता ही शस्त्रक्रिया करून घेतली. आईवडिलांना ती झाल्यावरच कळली. पुढे राज्याच्या वैद्यक परिषदेने संबंधित डॉक्टरची नोंदणी दोन वर्षांसाठी निलंबित केली. त्या तरुणाची मूळ उंची सुमारे पाच फूट सात इंच होती. पोलीस भरतीची उंचीची अट त्याने सहज पार केली असती! भरतीच्या मैदानावर मोजपट्टी १६५ वर थांबते. मनातली मोजपट्टी कुठे थांबावी, हे कोण ठरविणार? शेजारी उभा असलेला मित्र सहा फुटी असेल, तर पावणेसहा फुटांचा माणूसही स्वतःला ठेंगणा मानू लागतो.

स्वाध्याय

१. ‘दुःख खोटे नाही’ असे लेखक कोणत्या संदर्भात म्हणतो? त्याच्याशी तुम्ही सहमत आहात का?

२. वर्तमानपत्रातील दहा वधूवरविषयक जाहिराती जमवा. किती जाहिरातींत उंचीचा उल्लेख आहे आणि तो कोणाच्या उंचीचा आहे, ते पाहून आठ-दहा ओळी लिहा.

३. तुमचा धाकटा भाऊ ही शस्त्रक्रिया करवून घेण्याच्या विचारात आहे. त्याला पत्र लिहा.