फ्रँचायझी घेण्यापूर्वी : लेखी प्रश्न आणि लेखी उत्तर

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे जाणारा रस्ता खानापूर तालुक्यातील जांबोटीवरून जातो. अशा रहदारीच्या गावी चहाचे, दुधाचे वा खाद्यपदार्थांचे दुकान काढताना स्वतःच्या नावाऐवजी एखाद्या प्रसिद्ध कंपनीची पाटी लावावी, असा विचार सुशिक्षित तरुणांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या व्यवहारालाच फ्रँचायझी म्हणतात. कंपनी आपली नाममुद्रा आणि धंद्याची पद्धत वापरू देते. त्याबद्दल दुकानदार प्रवेशशुल्क, अनामत आणि बहुधा विक्रीतील ठरावीक हिस्सा, म्हणजे रॉयल्टी देतो. जागेचे भाडे, नोकरांचे पगार आणि तोटा मात्र सामान्यतः त्याच्याच माथी असतो. त्यासाठीचा पैसा पुष्कळदा जमिनीवरील कर्जातून किंवा घरातील सोने गहाण ठेवून उभा केलेला असतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी कंपनीची खरी माहिती मिळणे अगत्याचे आहे.

अन्य देशांतील कायदे

ही माहिती देणे काही देशांनी कायद्यानेच बंधनकारक केले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७० साली असा कायदा केला. पुढे १९७९ पासून त्या देशाच्या संघीय व्यापार आयोगाचा नियम सर्वत्र लागू झाला. आज त्या नियमानुसार, करार होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ बाबींचे माहितीपत्र द्यावे लागते. कंपनीवरील दावे, एकूण खर्च, बंद पडलेली दुकाने, जुन्या दुकानदारांची नावे यांचा त्यात समावेश असतो. फ्रान्सने १९८९ साली अशाच कायद्याने २० दिवसांची मुदत घातली.

भारतातील स्थिती

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सहीपूर्वी असे माहितीपत्र दिलेच पाहिजे, असे बंधन कंपनीवर नाही. हे व्यवहार मुख्यतः भारतीय करार कायदा, १८७२ आणि व्यापारचिन्ह कायदा, १९९९ यांच्या आधारे चालतात. यांपैकी करार कायद्याची तीन कलमे प्रत्येक अर्जदाराने समजून घ्यावीत.

कलम १७ मध्ये कपटाची आणि कलम १८ मध्ये चुकीच्या निवेदनाची व्याख्या आहे. कलम १९ अन्वये, अशा मार्गाने संमती मिळविली असेल तर फसलेल्या पक्षाला करार रद्द करता येतो. परंतु कलम १७ च्या स्पष्टीकरणात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे : बोलण्याचे कर्तव्य नसताना केवळ गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे.

समजा, एखाद्या कंपनीची शेजारच्या जिल्ह्यातील दहांपैकी चार दुकाने दोन वर्षांत बंद पडली. अर्जदाराने विचारले नाही आणि कंपनीने सांगितले नाही, तर तेवढ्यावरून कपट सिद्ध होणे कठीण. मात्र त्याने लेखी विचारले आणि कंपनीने जाणूनबुजून “एकही बंद नाही” असे लेखी उत्तर दिले, तर तेच उत्तर कपटाचा पुरावा ठरू शकते.

कलम १९ ला एक अपवादही आहे. सामान्य दक्षतेने सत्य कळू शकत होते, अशा स्थितीत चुकीच्या निवेदनाचा किंवा मौनातील कपटाचा आधार घेऊन करार रद्द करता येत नाही. म्हणजे चौकशी न करणाऱ्याची बाजू न्यायालयातही दुबळी पडते. करार रद्द ठरविण्यासाठी दावा लावण्याची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षे आहे.

दोन धडे

अमूलच्या नावाने फ्रँचायझी देऊ करणाऱ्या बनावट संकेतस्थळांविरुद्ध २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. पाटी प्रसिद्ध असली तरी ती देणारा खरा मालक आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे, हा यातील बोध.

दुसरा प्रसंग जवळचा आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरात कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले. अंडी व पक्षी परत विकत घेण्याचे आश्वासन पाळले नाही, अशा तक्रारींवरून २०१९ साली पोलिसांत गुन्हे नोंदविले गेले. ही फ्रँचायझी नव्हती. परंतु आश्वासन देणाऱ्याची ऐपत आधी तपासावी, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

काय विचारावे?

१. नाममुद्रा कोणाच्या नावे नोंदलेली आहे? व्यापारचिन्हांची नोंद कोणालाही पाहता येते.
२. गेल्या तीन वर्षांत किती दुकाने उघडली व किती बंद झाली?
३. प्रवेशशुल्क, अनामत, सजावट, यंत्रे आणि पहिला माल धरून एकूण खर्च किती? त्यांपैकी काय परत मिळेल आणि केव्हा?
४. सांगितलेला नफा कोणत्या गावातील, कोणत्या दुकानाचा आहे?
५. माल कंपनीकडूनच घ्यावा लागेल काय? त्याचा दर कोण ठरविणार?
६. जवळच दुसरे दुकान न देण्याची हमी आहे काय?
७. वाद कोणत्या शहरात चालेल? दूरच्या शहराचे नाव असल्यास जांबोटीच्या माणसाला तेथे खेटे घालावे लागतील.

हे प्रश्न स्पीड पोस्टने पाठवावेत आणि पोचपावती व उत्तर जपून ठेवावे. चालू दुकानदारांना, तसेच दुकान बंद केलेल्यांनाही प्रत्यक्ष भेटावे. रक्कम कंपनीच्याच खात्यात भरून पावती घ्यावी.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. करार इंग्रजीत असतो. सही करणारा मराठी किंवा कन्नड बोलणारा असतो. प्रत्येक कलमाचा अर्थ वकिलाकडून समजून घेतल्याखेरीज सही करू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कायद्याने पात्र ठरविलेल्या इतर व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडे विनामूल्य साहाय्य मागता येते. गावातील शिक्षक व पंचायतीचे कर्मचारी यांनी एवढे जरी समजावून सांगितले, तरी अनेक कुटुंबांचे नुकसान टळेल.

प्रामाणिक कंपनीला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. जी कंपनी उत्तर देण्याचे टाळते आणि “आजच पैसे भरा” अशी घाई करते, तिचे ते टाळणे हेच उत्तर समजावे.