पुरात पहिला नंबर कशाला?

शिरोलीच्या मंडळींना पंचगंगेचा पूर नव्याने सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले. काही दिवस गाड्या बंद पडल्या.

आता असे धरा, पाण्याने वेढलेल्या घराच्या गच्चीवर पाच माणसे आहेत. जवळ सहा वस्तू आहेत : पिण्याच्या पाण्याची घागर, भाकरी, दोर, आरसा, शिट्टी, रेशनकार्ड. सर्वांत गरजेची कोणती? तिला 1 नंबर द्या. असे 6 पर्यंत लिहा.

आधी प्रत्येकाने मुकाट्याने आपापल्या वहीत लिहावे. शेजारच्या वहीत डोकावू नये. मग पाचांनी मिळून एकच यादी करावी. हात वर करून मोजणी नको. ज्याला पटत नाही, त्याने कारण सांगावे. थोरल्यांनी शेवटी बोलावे, असे आम्ही मुद्दाम सांगतो. ते आधी बोलले की बाकीचे नुसती मान डोलावतात! घागर आधी का, हे घरची सून बरोबर सांगते. पुराचे पाणी प्यायले तर हगवण लागते.

समुद्रात अडकलेल्या माणसांचा असाच एक खेळ आहे. त्यात जाणकार आरशाला पहिला नंबर देतात. उन्हात त्याची चमक लांबच्या जहाजाला दिसते. पण आपल्या पुरात ऊन कुठलं? ढग आणि रात्र असेल तर शिट्टी बरी.

हे जमले की खरा प्रश्न घ्या. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. घर कधी सोडायचे? म्हातारी माणसे आणि जनावरे आधी कोण नेणार? वह्या काढा.